मुक्तदींना विचारलं कोणी?

आमच्या मोहल्ल्यातल्या मशिदीचे हाफिजसाहेब एका मंगळवारी निघून गेले. अकरा वर्षं त्यांनी पाच वेळची नमाज पढवली. दुपारच्या मकतबमध्ये निम्म्या मोहल्ल्याच्या पोरांना कायदा आणि सिपारे शिकवले. अकरा रमजान तरावीहला उभे राहिले. निकाह किती लावले, जनाजे किती पढवले, याचा हिशेब कोणाकडेच नाही. सोमवारी इशानंतर ट्रस्टींनी त्यांना बाजूला घेतलं आणि मंगळवारी फज्रला मुसल्ल्यावर दुसराच माणूस उभा होता. दुपारी मुलं सिपारे छातीशी धरून आली, तेव्हा हाफिजसाहेबांच्या खोलीला कुलूप होतं.

कारण काय, तर तीन कारणं फिरत होती. त्यांनी पगार वाढवून मागितला म्हणे. एका ट्रस्टीच्या घरच्या निकाहला ते उशिरा पोहोचले म्हणे. जुम्याच्या बयानात हुंड्यावर जरा जास्तच बोलले म्हणे. यातलं खरं कोणतं, मला आजही ठाऊक नाही. पण मला खटकली ती गोष्ट वेगळीच. ज्या दीड-दोनशे माणसांनी अकरा वर्षं या माणसामागे सजदे केले, त्यांच्यातल्या एकालाही कोणी काही विचारलं नाही. जाणाऱ्याबद्दल नाही, येणाऱ्याबद्दलही नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर आम्हीही कोणाला काही विचारलं नाही. आठवडाभर चहाच्या टपरीवर कुजबुज झाली, मग नव्या इमामसाहेबांची किरत किती गोड आहे, यावर गाडी आली.

त्याच सुमारास अमेरिकेतल्या एका चर्चची प्रश्नावली माझ्या वाचनात आली. तिथले जुने मिनिस्टर निवृत्त झाले होते. नवीन शोधायचे होते. पण शोधायला लागण्याआधी त्या लोकांनी स्वतःच्याच सभासदांना पानंच्या पानं प्रश्न विचारले होते. तुम्ही इथं का येता? रविवारच्या प्रवचनातून तुम्हाला काय हवं असतं? ‘ईश्वर’ हा शब्द ऐकला की तुम्हाला बरं वाटतं की अवघडल्यासारखं होतं? घरात दुखणं आलं, मृत्यू झाला, तर मिनिस्टरने काय करावं असं वाटतं? इथं मागे झालेल्या कोणत्या भांडणाचा सल तुमच्या मनात अजून आहे?

हा शेवटचा प्रश्न वाचून मी फोन खाली ठेवला. आमच्या मशिदीत हा प्रश्न विचारला, तर उत्तरं लिहायला रजिस्टर पुरायचं नाही.

हे चर्च युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट पंथाचं. नाव लांबलचक असलं, तरी पंथ आपल्याला अगदीच परका नाही. युनिटेरियन म्हणजे मुळात ईश्वर एकच आहे, तीन रूपांत नाही, असं म्हणणारे ख्रिस्ती. तौहीद ऐकत वाढलेल्या माणसाला हा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही. युनिव्हर्सलिस्ट म्हणजे दयाळू ईश्वर कोणालाही कायमचा नरकात ठेवणार नाही, असं मानणारे. अमेरिकेतल्या या दोन प्रवाहांच्या संघटना १९६१ साली एक झाल्या. बोस्टनला मुख्यालय आहे आणि हजाराच्या आसपास मंडळ्या आहेत. (आपले मराठी ख्रिस्ती बांधव चर्चच्या सभासदांच्या समुदायाला ‘मंडळी’ म्हणतात. आपल्या ‘जमात’ला इतका जवळचा दुसरा मराठी शब्द मला सुचत नाही, म्हणून पुढे तोच वापरतो.) आज या मंडळ्यांमध्ये येशूला मानणारे आहेत, बुद्धाच्या वाटेने जाणारे आहेत, निसर्गपूजक आहेत आणि ईश्वर मुळीच न मानणारेही आहेत. त्यांना एकत्र बांधणारा कलमा नाही. एकमेकांशी कसं वागायचं याचा करार आहे, एवढंच.

आपल्याकडचा त्यांचा धागाही जुना आहे. राजा राममोहन रॉय यांनी १८२१ मध्ये कलकत्त्यात युनिटेरियन कमिटी काढली होती. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डला ज्या मँचेस्टर कॉलेजात तुलनात्मक धर्म शिकायला गेले, ते युनिटेरियनांचंच. तिथून परतल्यावर त्यांनी प्रार्थना समाजाचं काम हाती घेतलं आणि १९०६ मध्ये डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं केलं. म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या धर्मसुधारणेच्या एका मोठ्या माणसाचं शिक्षण या लोकांच्या घरी झालं आहे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. १५६८ साली ट्रान्सिल्वेनियात, आजच्या रोमानियात, तोर्दा नावाच्या गावी तिथल्या सभेने एक फर्मान काढलं. धर्मोपदेशकाने आपल्या समजुतीप्रमाणे उपदेश करावा. गावाला तो पटला तर ठीक, नाही पटला तर गावावर तो लादू नये. गावाने आपल्याला पटेल असा उपदेशक ठेवावा. ज्या राजाच्या काळात हे घडलं, तो जॉन सिगिस्मंड युनिटेरियन विचारांचा होता आणि त्याचं राज्य उस्मानी सुलतानाच्या छत्राखाली होतं. युरोपात त्या काळात धर्मावरून माणसं जाळत होते, हे लक्षात घेतलं म्हणजे या फर्मानाचं मोल कळतं.

अमेरिकेत हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने आली. मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन लोकांनी १६४८ मध्ये केंब्रिज प्लॅटफॉर्म नावाचा दस्तऐवज केला. वरून कोणी बिशप पाळक पाठवणार नाही, प्रत्येक मंडळी आपला पाळक आपणच निवडेल, हे त्यात ठरलं. ते प्युरिटन मोठे कर्मठ होते, आणि त्यांच्याच चर्चमधून पुढे हे उदारमतवादी निघाले. विचार पार बदलले, पण निवडीची रीत तीच राहिली.

आता त्यांची रीत जरा सविस्तर सांगतो, कारण खरी मौज तपशिलात आहे.

मिनिस्टर गेले की लगेच नवे आणत नाहीत. आधी एक-दोन वर्षांसाठी अंतरिम मिनिस्टर येतात. जुन्या माणसाचं दुःख किंवा जुन्या माणसाचा राग, दोन्ही निवू द्यायचं, हे त्यांचं काम. आणि या अंतरिम माणसाला कायमच्या जागेसाठी उभं राहता येत नाही, असा रिवाज आहे. त्यामुळे त्याला कोणाची मर्जी राखायची नसते. तो मंडळीला चार कडू गोष्टी ऐकवू शकतो.

दरम्यान मंडळी आपल्यातून शोध समिती निवडते. साधारण सात जण. कार्यकारिणीतलेच पुन्हा नकोत, म्हातारे-तरुण, बायका-पुरुष, जुने-नवे असे सगळे हवेत, यावर भर असतो. ही समिती सर्वेक्षण करते. कागदावर करते, ऑनलाइन करते. शिवाय घरोघरी दहा-बारा जणांच्या बैठका घेते, कारण काही गोष्टी माणूस फॉर्मवर लिहीत नाही, चहाच्या कपासमोर बोलतो. त्या सगळ्यातून मंडळीचं एक माहितीपत्र तयार होतं. सभासद किती, पैसा किती, इतिहास काय, भांडणं कोणती. त्यात एक प्रश्न असतो: नव्या मिनिस्टरच्या हातून होऊ शकेल अशी सगळ्यात मोठी चूक कोणती? हा प्रश्न मंडळीने स्वतः स्वतःला विचारायचा आणि उत्तर येणाऱ्या माणसाच्या हातात आधीच द्यायचं. हाफिजसाहेबांना अकरा वर्षांपूर्वी कोणी हे उत्तर दिलं असतं, तर कदाचित त्यांनी निकाहाच्या दिवशी घड्याळ बघितलं असतं. कदाचित ते आलेच नसते.

मग उमेदवारांची कागदपत्रं आणि मंडळीची कागदपत्रं यांची अदलाबदल होते. म्हणजे तपासणी दोन्ही बाजूंनी चालते. उमेदवारांची नावं गुप्त ठेवतात, कारण बहुतेक जण दुसरीकडे काम करत असतात. समितीला एखाद्याचं प्रवचन ऐकायचं असेल, तर ते तिसऱ्याच चर्चमध्ये ठेवतात. समितीतले लोक तिथं पाहुण्यासारखे मागच्या बाकावर जाऊन बसतात. शेवटी एकच नाव मंडळीपुढे येतं. तो उमेदवार आठवडाभर येऊन राहतो, दोन रविवार प्रवचन करतो, मधल्या दिवसांत मुलांना, म्हाताऱ्यांना, गायकवृंदाला, हिशेब बघणाऱ्यांना भेटतो. दुसऱ्या रविवारी उपासनेनंतर मतदान. साधं बहुमत मिळून भागत नाही. नव्वद टक्क्यांच्या खाली मतं पडली, तर बरेच उमेदवार स्वतःच नम्रपणे नकार देतात. दहातल्या दोघांना आपण नको असू, तर त्यांच्या घरच्या मयतीला आपण कोणत्या तोंडाने जायचं, हा त्यामागचा विचार.

हे वाचून भारावून जायला होतं. मीही गेलो होतो. पण दोन-तीन रात्री ती प्रश्नावली डोक्यात घोळत राहिली, तेव्हा तिच्यातल्या फटीही दिसायला लागल्या.

पहिली फट साधी आहे. सर्वेक्षणाला उत्तरं कोण देतो? जो येतो तो. जो दर रविवारी येतो तो जास्त मन लावून देतो. जो दुखावून दोन वर्षांपूर्वी निघून गेला, त्याच्या हातात फॉर्म जातच नाही. दोन नोकऱ्या करणारी आई फॉर्म अर्धा भरून ठेवते. म्हणजे जे आधीच खूश आहेत, त्यांना कसा माणूस हवा हे नीट कळतं. ज्यांच्यासाठी नवा माणूस खरोखर हवा आहे, ते गप्पच राहतात.

दुसरी फट जरा खोल आहे. निम्म्यांनी लिहिलं की प्रवचनात ईश्वराचं नाव अधिक यावं, निम्म्यांनी लिहिलं की कमी यावं, तर सरासरी काढून कोणता माणूस आणायचा? चर्चवाल्यांचा आपापसातला एक जुना विनोद आहे. मंडळीला तीस वर्षांचा मिनिस्टर हवा असतो आणि त्याला चाळीस वर्षांचा अनुभव हवा असतो. तो दिवसभर घरोघरी भेटी देत असावा आणि दिवसभर कार्यालयातही सापडावा. आपल्या मशिदीच्या जाहिरातीही काही वेगळ्या नसतात म्हणा. हाफिज हवा, आलिम हवा, आवाज चांगला हवा, शादीशुदा हवा पण खोली एकच मिळेल.

आणि धर्मोपदेशक ही काही दुकानातली वस्तू नाही. गिऱ्हाइकाला काय आवडतं हे विचारून माल भरावा, तसं पाळकाचं करता येत नाही. कधीकधी माणसाला जे ऐकायला नको असतं, तेच त्याला ऐकवण्यासाठी मिंबर असतो. हुंड्यावर बोललेलं कोणाला आवडतं? सर्वेक्षण घेतलं असतं, तर आमच्याकडे ‘हुंडा’ या विषयाला शून्य मतं पडली असती. युनिटेरियनांना हे माहीत नाही असं नाही. त्यांच्याकडे मिनिस्टरला व्यासपीठावरून मनातलं बोलण्याचं स्वातंत्र्य मंडळी लेखी देते. मंडळीने माणूस निवडायचा, पण त्याचं प्रवचन निवडायचं नाही. निवडीच्या मतपत्रिकेपेक्षा मला हे जास्त मोलाचं वाटतं.

तिसरी फट त्यांनीच उघड करून दाखवली. लोक फॉर्मवर लिहितात की आम्हाला विविधता हवी, कृष्णवर्णीय मिनिस्टर चालेल, समलिंगी चालेल, व्हीलचेअरवरचा चालेल. प्रत्यक्षात निवड करताना हात ओळखीच्या चेहऱ्याकडे वळतो. हे त्यांच्या लक्षात आलं, म्हणून शोध सुरू असतानाच मंडळीसाठी खास कार्यशाळा घेतात. तुमच्या मनात मिनिस्टर म्हटल्यावर कोणाचं चित्र येतं आणि कोणाचं येत नाही, ते तिथं बोलायचं. या पंथातल्या युनिव्हर्सलिस्टांनी ऑलिंपिया ब्राउन यांना १८६३ मध्ये दीक्षा दिली आणि आज त्यांच्या मिनिस्टरांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. तरीही वर्णाचा प्रश्न सुटला नाही. २०१७ मध्ये संघटनेच्या मोठ्या पदांवर पुन्हा पुन्हा गोरी माणसंच का नेमली जातात यावरून वादळ उठलं. त्यात पीटर मोरालेस यांनी मुदत संपण्याआधीच अध्यक्षपद सोडलं. आणि मोरालेस स्वतः त्या पदावर निवडून आलेले पहिले लॅटिनो होते. त्यानंतर शेकडो मंडळ्यांनी एका रविवारची नेहमीची उपासना बाजूला ठेवून या विषयावर शिकण्याचा कार्यक्रम घेतला.

तर प्रश्नावली म्हणजे जादूची कांडी नाही. मग मी हे सगळं तुम्हाला का सांगतोय?

कारण आपल्याकडे विषय निघाला की पहिलं वाक्य येतं, ‘दीन मतांवर चालत नाही.’ बरोबर आहे. फज्रचे फर्ज दोन की तीन, हे कोणी मतदानाने ठरवा म्हणत नाही. पण मुसल्ल्यावर उभा राहणारा माणूस कसा आहे, तो मागच्यांचा विचार करतो का, मागचे त्याच्यावर नाराज आहेत का, हे विचारणं दीनच्या बाहेरचं आहे काय? बुखारी उघडून बघा.

हजरत मुआज बिन जबल (र.) आपल्या लोकांची इशाची नमाज पढवत आणि लांबलचक सूरा लावत. एक दिवस एक कष्टकरी माणूस, दिवसभर उंटांवरून पाणी वाहून दमलेला, जमात सोडून बाजूला झाला आणि एकट्याने नमाज आटोपून गेला. त्याला नावं ठेवली गेली. तो थेट प्रेषितांकडे (स.) गेला. प्रेषितांनी रागावून घेतलं ते कोणाला? त्या मजुराला नाही, मुआज (र.) यांना. तुझ्यामागे म्हातारे असतात, अशक्त असतात, कामावर जाणारे असतात, लहान सूरा वाच, असं त्यांना बजावलं. एका मुक्तदीची तक्रार, आणि तिच्यावरून इमामाची पद्धत बदलली. तो इमामही साधा नव्हता, सहाबींमधल्या मोठ्या जाणकारांपैकी एक होता.

स्वतः प्रेषित (स.) नमाज लांबवायच्या इराद्याने उभे राहत आणि मागून एखाद्या लेकराचं रडणं कानावर आलं की नमाज छोटी करत, आईचा जीव खालीवर होऊ नये म्हणून. या हदीसवर बयान पुष्कळ होतात. पण तिच्यातली एक साधी गोष्ट सुटते. लेकराचं रडणं ऐकू यायला आधी ती आई मशिदीत असावी लागते.

आणि तिसरा किस्सा तर असा आहे की तो वाचून मला त्या अमेरिकन प्रश्नावलीचं नवल वाटेनासं झालं. हजरत उमर (र.) यांच्या खिलाफतीत कूफा शहरावर साद बिन अबी वक्कास (र.) नेमलेले होते. कादिसियाचे विजेते, खुद्द प्रेषितांचे जुने साथी. कूफेच्या लोकांनी तक्रारी केल्या आणि शेवटी इथवर म्हणाले, की यांना नमाजसुद्धा नीट पढवता येत नाही. उमर यांनी त्यांना पदावरून बाजूला केलं, मदीनेला बोलावलं, त्यांचं म्हणणं ऐकलं. नमाज कशी पढवता हे विचारलं. साद यांनी सांगितलं की प्रेषितांसारखीच, पहिल्या दोन रकअती लांब आणि पुढच्या दोन छोट्या. माझी अटकळ हीच होती, असं उमर म्हणाले. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी साद यांच्यासोबत कूफेला माणसं पाठवली, आणि ती माणसं शहरातल्या मशिदी-मशिदीत गेली. एकही मशीद सोडली नाही. प्रत्येक ठिकाणी लोकांना विचारलं: हा माणूस कसा आहे? सगळीकडे चांगलं बोललं गेलं. फक्त एका टोळीच्या मशिदीत एक जण उठून उभा राहिला आणि त्याने तोंडावर आरोप केले. तोही ऐकून घेतला गेला, आणि त्याचं नावही नोंदीत राहिलं.

सातव्या शतकातलं शहर, आणि मशिदी-मशिदीत जाऊन चौकशी. याला सर्वेक्षण म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? पुढे मृत्युशय्येवर असताना उमर यांनी मुद्दाम सांगून ठेवलं की मी सादला हटवलं ते तो नालायक होता म्हणून नव्हे आणि त्याने खियानत केली म्हणूनही नव्हे. हटवलेल्या माणसाची इज्जत त्यांनी शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळली. आमचे हाफिजसाहेब गेले तेव्हा त्यांच्यामागे तीन अफवा राहिल्या, आणि त्या खोडून काढायला एकही ट्रस्टी पुढे आला नाही.

तिरमिझीत एक हदीस आहे, तिचा आशय असा की लोक ज्याच्यावर नाराज असताना जो त्यांची इमामत करतो, त्याची नमाज त्याच्या कानांपलीकडे जात नाही. आता ही नाराजी आहे की नाही, हे न विचारता कसं कळणार? ट्रस्टींच्या कानांना कळतं असं धरून आपण चालतो. पण ट्रस्टींची नाराजी आणि मुक्तदींची नाराजी या दोन गोष्टी आहेत. बहुतेक ठिकाणी दुसरी कधी मोजलीच जात नाही.

इथं इमामांची बाजूही बोलायला हवी. ती कोणी बोलत नाही. महाराष्ट्रातल्या कित्येक मशिदींत इमाम उत्तर प्रदेश-बिहारकडून आलेले असतात. बायकामुलं तिकडे, माणूस इकडे एका खोलीत. १९९३ साली सुप्रीम कोर्टाने इमामांना मेहनताना मिळाला पाहिजे आणि त्याची जबाबदारी वक्फ बोर्डांवर आहे, असा निकाल दिला. पण मोहल्ल्या-मोहल्ल्यात पगार आजही घरपट्टीसारख्या गोळा केलेल्या चंद्यातूनच निघतो. नेमणुकीचा कागद नाही, सुट्टी ठरलेली नाही, नोटीस नाही. म्हणून ‘जमातीला विचारा’ म्हणताना माझ्या मनात भीतीही आहे. उद्या कोणी व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘इमामसाहेब कसे वाटतात’ म्हणून अंगठे वर-खाली करायला लावील आणि आधीच गरीब असलेल्या माणसाच्या डोक्यावर आणखी दोनशे मालक बसवील. तसलं सर्वेक्षण नको. त्यापेक्षा न विचारणं बरं.

अमेरिकन मंडळीकडून घेण्यासारखं मला जे दिसलं, ते हे, की तिचे निम्मे प्रश्न येणाऱ्या माणसाबद्दल नाहीतच. ते स्वतःबद्दल आहेत. आपण कोण आहोत, काय मागतो, काय देतो, मागच्याशी कसे वागलो. आपल्याकडे निवड म्हणजे उमेदवाराची परीक्षा. तजवीद तपासायची, एक जुमा पढवून घ्यायचा, झालं. जमातीची परीक्षा कोणी घेत नाही.

मग कोणाला विचारायचं? पहिल्या सफेत बसणाऱ्यांना विचारून काही मिळणार नाही, ते बोलतातच. विचारायचं ते जुम्याला खुतबा सुरू झाल्यावर येऊन चपलांजवळ बसणाऱ्या पोरांना. बयान उर्दूतलं आहे आणि मराठी शाळेत शिकलेल्या तुला त्यातलं किती कळतं, हे त्यांना विचारावं. कोकणात, देशावर, मराठवाड्यातल्या खेड्यांत आपली कितीतरी मुलं मराठी माध्यमात शिकली. ती मान खाली घालून बसतात आणि आपण समजतो की मन लावून ऐकतायत. आणि विचारायचं बायकांना. २०१९ मध्ये पुण्यातल्या एका दांपत्याने महिलांच्या मशीद-प्रवेशासाठी सुप्रीम कोर्टात अर्ज केला. त्यावर २०२० मध्ये मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानेच प्रतिज्ञापत्रात लिहून दिलं की नमाजसाठी मशिदीत यायला महिलांना मनाई नाही. ते जाऊ द्या. मशिदीत येवोत न येवोत, चंद्याचे पैसे घरखर्चातून काढून देतात त्या. तलाकचा, वारसाचा, मुलाच्या व्यसनाचा मसला घेऊन इमामाच्या दारात पडद्याआडून उभ्या राहतात त्या. आपला इमाम अशा वेळी काय बोलतो, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

मी सहा प्रश्न लिहून काढले. एका पानात बसले. मशिदीत येणं तुम्हाला कशामुळे जड जातं? बयानातलं किती समजतं? अडचणीच्या वेळी इमामांकडे गेला होतात का, आणि काय झालं? त्यांचा पगार किती आहे हे तुम्हाला माहीत आहे का? तेवढ्यात तुमचं घर चाललं असतं का? हाफिजसाहेब का गेले, तुमच्या मते? नाव लिहायची गरज नाही, पेटीत टाका.

कागद घेऊन मी आमच्या सगळ्यात वयस्कर ट्रस्टींकडे गेलो. भला माणूस आहे, मशिदीचा मागचा स्लॅब त्यांनी स्वतःच्या पैशाने टाकला. त्यांनी चष्मा लावून पान दोनदा वाचलं. चौथ्या-पाचव्या प्रश्नावर बोट ठेवून म्हणाले, ‘‘बेटा, ये दो निकाल दो, बाकी देखेंगे.’’ मी म्हटलं, ‘‘चाचा, हेच दोन ठेवा, हवं तर बाकीचे काढा.’’ ते हसले. कागद त्यांनी घडी करून शेरवानीच्या खिशात ठेवला. तो अजून तिथंच आहे, असं माझा अंदाज सांगतो.

त्या रात्री मी हाफिजसाहेबांना फोन लावला. त्यांच्या गावी पाऊस होता, आवाज तुटत होता. का गेलात, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी आईची तब्येत विचारली, नव्या इमामांना जेवण कुणाच्या घरून जातं ते विचारलं. मग म्हणाले, ‘‘वो आप के बाजूवाले का छोटा, अम्मा पारे में था. ‘नबा’ की सूरत आधी याद हो गई थी उस को. आगे बढ़ा क्या?’’

मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या पोराला दारात गाठून विचारलं.